लेन्सच्या डबीतून डोळ्यात: अकँथअमीबा केरॅटायटिसच्या उपचारांचा अनुभव

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या उजव्या डोळ्यातले थेंब पूर्ण बंद केले. अकँथअमीबा नावाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूने डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला होणारा संसर्ग म्हणजे अकँथअमीबा केरॅटायटिस. माझं फेब्रुवारीत सुरू झालेलं हे दुखणं नोव्हेंबरात संपलं. एवढ्या महिन्यांत मला सगळ्यात जास्त गरज वाटली ती यातून आधी गेलेल्या कुणाच्या तरी सविस्तर हकिगतीची. कुठल्या तपासण्या होतात, रिपोर्टला किती वेळ लागतो, रात्रीचे थेंब कसे सांभाळायचे, ऑफिसला आणि विमा कंपनीला कुठले कागद लागतात, हे सगळं मला तुकड्या-तुकड्यांत कळत गेलं. ते एका जागी असावं म्हणून लिहिते आहे. औषधांची नावं आणि प्रमाण मला दिलेलं आहे. तुमचं तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

मी महिनाभर वापरून टाकून द्यायच्या सॉफ्ट लेन्स बरीच वर्षं लावत होते. सकाळी लावायच्या, रात्री काढून सोल्युशनमध्ये ठेवायच्या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात उजवा डोळा कचकचायला लागला. लेन्स काढून चष्मा लावला, तरी खुपणं गेलं नाही. चार दिवसांत डोळा लाल झाला, पाणी यायला लागलं, आणि ट्यूबलाइटकडेही बघवेना.

जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी डोळ्यात रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात पाहिलं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, फांदीसारखी फुटलेली एक रेघ दिसत होती. हर्पिसच्या विषाणूने अशी रेघ उमटते, म्हणून विषाणूविरोधी मलम सुरू झालं, दिवसातून पाच वेळा. पंधरा दिवसांनी सूज कमी होण्यासाठी स्टेरॉइडचे थेंब आले. त्यांनी तीन-चार दिवस खरंच बरं वाटलं. लाली उतरली, मी ऑफिसलाही जाऊन आले. मग एका रात्री ठणका सुरू झाला तो थांबेचना.

त्या पहिल्या निदानाबद्दल माझ्या मनात राग नाही. पुढे कळलं, की हा आजार सुरुवातीला हर्पिससारखाच दिसतो आणि जगभर तसाच चुकवतो. स्टेरॉइडने सूज तात्पुरती बसते, त्यामुळे बरं वाटतं, पण आत जंतूला मोकळं रान मिळतं. एक मात्र मनापासून सांगते. डोळा लाल झाला आणि तुम्ही लेन्स लावत असाल, तर डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य तेच असू द्या. विचारतील तेव्हा सांगू, असं नको. आणि उपचार चालू असूनही दुखणं वाढत असेल, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता परत जा.

दुखण्याबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण घरच्यांना ते समजत नाही. बाहेरून डोळा फक्त लाल दिसतो. पण कॉर्निया अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पडदा आहे आणि त्यात शरीरातल्या जवळजवळ कुठल्याही भागापेक्षा जास्त दाट मज्जातंतू आहेत. हा जंतू त्या तंतूंच्या कडेने पसरतो. ठणका डोळ्यातून भुवईत, तिथून कानशिलात जायचा. नेहमीच्या वेदनाशामक गोळीने तासभर निभायचं. डोळ्यात जेवढं दिसतंय त्याच्या मानाने दुखणं फार जास्त असणं, ही याची एक खूण आहे. मला ते आधी माहीत असतं, तर 'तुम्हाला दुखणं जास्त जाणवतं' हे वाक्य मी निमूट ऐकून घेतलं नसतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मोठ्या रुग्णालयाच्या कॉर्निया विभागाची चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीवर 'हर्पिस, प्रतिसाद नाही' एवढंच होतं. ताईने आदल्या रात्री बसून एका कागदावर कुठलं औषध कुठल्या तारखेला सुरू झालं, कधी बंद झालं, दिवसातून किती वेळा घातलं, हे सगळं लिहून काढलं. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठीपेक्षा तो कागद जास्त वेळ वाचला आणि केसपेपरला जोडून टाकला. पहिल्या दिवशी नोंदणी, नंबर तपासणी, डोळ्याचा दाब, मग ज्युनिअर डॉक्टर, मग वरिष्ठ, असं सगळं होईपर्यंत संध्याकाळ झाली. सोबत कुणीतरी न्याच. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर एकट्याने परत येणं कठीण असतं.

वरिष्ठ डॉक्टरांनी हनुवटी टेकवून बघायच्या यंत्रातून पाहिलं आणि लगेच विचारलं, "लेन्स वापरता? डबी कुठे आहे?"

"घरी आहे."

"धुतली नाही ना? जशी आहे तशी मागवून घ्या. लेन्स, डबी, सोल्युशनची बाटली, सगळं."

ताई रिक्षाने जाऊन घेऊन आली. डबीची झाकणं घट्ट लावलेली होती, उजवी लेन्स अजून त्यातच होती. ते सगळं वेगळ्या फॉर्मवर नाव आणि नोंदणी क्रमांक लिहून प्रयोगशाळेत गेलं. डोळा दुखायला लागला की बहुतेक जण जुन्या लेन्स आणि डबी आधी कचऱ्यात टाकतात. टाकू नका. माझ्या बाबतीत पहिला पक्का पुरावा डबीतूनच मिळाला.

त्याच दिवशी कॉन्फोकल मायक्रोस्कोपी झाली. भूल देणारे थेंब घालून, जेल लावून, यंत्राचं टोक कॉर्नियाला टेकवतात आणि आतल्या थरांची चित्रं घेतात. स्क्रीनवर करड्या पार्श्वभूमीवर गोल, चकाकणारे ठिपके दिसत होते. डॉक्टर म्हणाले, "हे सिस्ट असावेत. पण नुसत्या चित्रावर मी शिक्का मारणार नाही, खरवडून बघावं लागेल." सिस्ट म्हणजे भिंतीत बंद झालेला जंतू.

'खरवडून' या शब्दाने माझे हातपाय गार पडले होते. प्रत्यक्षात ते असं झालं. पुन्हा भुलीचे थेंब, पापण्या उघड्या ठेवायला तारेची चाप, हनुवटी त्याच यंत्रावर. सिस्टर मागून डोकं धरून उभ्या. डॉक्टर म्हणाले समोरच्या लाल दिव्याकडे बघा. बाजूने पात्याची धूसर, रुपेरी कड आत येताना दिसते आणि मग दिवा थरथरल्यासारखा होतो. दुखत नाही. काहीतरी घासलं जातंय एवढं कळतं. ते प्रत्येक वेळी पातं काचपट्टीवर किंवा प्लेटवर फिरवून परत येत होते. दहा मिनिटांत आटपलं. त्रास होतो तो नंतर, भूल उतरल्यावर. म्हणून वेदनाशामक गोळी तिथेच घेऊन घ्या, घरी पोहोचेपर्यंत थांबू नका.

एका काचपट्टीवर कॅल्कोफ्लुओर व्हाइट नावाचा रंग घालतात. त्यात सिस्टची भिंत विशिष्ट प्रकाशात चमकते. ती पट्टी संध्याकाळपर्यंत बघून झाली आणि नाव कळलं: अकँथअमीबा. कल्चरला, म्हणजे नमुन्यातला जंतू प्लेटवर वाढवून बघायला, वेळ लागतो. साध्या जीवाणूंचं दोनेक दिवसांत समजतं, अमीबाच्या प्लेटवर आठवडा किंवा त्याहून जास्त लक्ष ठेवतात. या प्लेटमध्ये पोषक द्रव्य नसतं. वर ई. कोलाय जीवाणूंचा थर पसरलेला असतो. अमीबा असला तर तो जीवाणू खात पुढे सरकतो आणि मागे माग राहतो. डबीतल्या द्रवाची प्लेट आधी उगवली, डोळ्याची नंतर. डॉक्टरांनी मला मोबाइलवर फोटो दाखवला. उभ्या पिकातून गुरं गेल्यावर पडतात तशा वाटा त्या थरात पडलेल्या होत्या.

हा अमीबा माती, धूळ, नळाचं पाणी, पोहण्याचे तलाव, सगळीकडे असतो. आपल्यापैकी बहुतेकांचा त्याच्याशी संबंध येतो आणि काहीच होत नाही. डोळ्यात तो अनेकदा लेन्सबरोबर शिरतो. डबीच्या तळाशी जीवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, तो थर अमीबाचं खाणं. लेन्स डबीतून डोळ्यावर जाते, कॉर्नियाला बारीक ओरखडा असला की जंतूला चिकटायला जागा मिळते. त्याची दोन रूपं आहेत. एक हलतं-खातं आणि दुसरं सिस्ट, म्हणजे दुहेरी भिंतीत स्वतःला कोंडून घेतलेलं. पाण्यातल्या क्लोरीनला सिस्ट दाद देत नाही आणि बऱ्याच औषधांनाही देत नाही. उपचार महिनोन् महिने चालतात ते या सिस्टमुळे.

मला लेन्स देताना दुकानात सांगितलं होतं, की आठवड्यातून एकदा डबी नळाखाली स्वच्छ धुवायची. लेन्सबरोबर मिळालेल्या छापील कागदावरही 'पाण्याने धुवा' असंच होतं आणि मी ते नेमाने करत आले. कॉर्निया विभागातल्या डॉक्टरांनी तो कागद बघून मान हलवली. डबीला पाणी लावायचंच नाही, हे त्यांनी मला स्वतःच्या हाताने लिहून दिलं. जुनं सोल्युशन ओतून टाकायचं, ताज्या सोल्युशनने डबी आतून चोळून धुवायची, पुसून, झाकणं काढून पालथी सुकवायची, आणि तीन महिन्यांच्या आत डबीच बदलायची. उरलेल्या सोल्युशनमध्ये नवीन भर घालायची नाही. लेन्स लावून आंघोळ नाही, पोहणं नाही, झोपणं नाही.

बाटलीवर 'निर्जंतुक करते' लिहिलेलं असताना हे कसं झालं, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. त्याचं उत्तर मिळालं तेव्हा मी थक्क झाले. लेन्स सोल्युशनसाठी जी आयएसओ १४७२९ ही चाचणी आहे, तिच्यात तीन जीवाणू आणि दोन बुरशी असे पाच जंतू घेतात. अकँथअमीबा त्यात नाही. म्हणजे सोल्युशन चाचणीत पूर्ण उतरलं तरी अमीबाबद्दल त्याने काहीच सिद्ध केलेलं नसतं. आणि ही गोष्ट डॉक्टरमंडळींना नवी नाही. २००६ मध्ये फ्युसेरियम बुरशीच्या साथीनंतर बॉश अँड लॉम्बने 'मॉइश्चरलॉक' हे सोल्युशन जगभरातून मागे घेतलं. २००७ मध्ये अकँथअमीबाच्या रुग्णांमुळे अॅडव्हान्स्ड मेडिकल ऑप्टिक्सने 'कम्प्लीट मॉइश्चरप्लस' परत बोलावलं. एवढं होऊनही लेन्स विकणाऱ्या माणसाकडून पाण्याबद्दलचं एक वाक्य ग्राहकापर्यंत पोहोचत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

उपचार कल्चरची वाट न बघता त्याच रात्री सुरू झाले. पीएचएमबी ०.०२ टक्के आणि क्लोरहेक्सिडीन ०.०२ टक्के असे दोन जंतुनाशक औषधांचे थेंब, पहिले ४८ तास दर तासाला, दिवसा आणि रात्रीही. त्यासाठी भरती करून घेतलं. सिस्टर दर तासाला यायच्या, मी झोपेतच पापणी ओढून धरायची. शिवाय आतले स्नायू ढिले करायला अॅट्रोपिन. त्याने ठणका कमी होतो, पण जवळचं वाचता येत नाही आणि उजेडाचा त्रास आणखी वाढतो. जाताना गडद चष्मा आणि टोपी न्या. आमच्याकडे ताईने खिडकीला चादर बांधली होती.

घरी आल्यावर जागेपणी दर तासाला, आणि आठवडाभराने दोन तासांवर. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं सोडायची, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. थेंब घातला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरायचा. दोन्ही बाटल्या एकसारख्या पांढऱ्या होत्या आणि मला तर लेबल वाचताच येत नव्हतं. ताईने पीएचएमबीच्या बाटलीला रबर बँड गुंडाळला, म्हणजे अंधारातही हाताला कळावं. मोबाइलवर दोन वेगळ्या सुरांचे गजर लावले. एका कागदावर तासांचे चौकोन आखून ती प्रत्येक थेंबानंतर खूण करायची. दुपारी ती कामावर असायची तेव्हा फोन करून विचारायची, "घातलेस का गं?" त्या विचारण्याचा एप्रिलमध्ये मला राग यायचा. आज वाटतं, माझा डोळा वाचण्यात त्या फोनचा वाटा औषधाइतकाच आहे.

हे थेंब साध्या औषधांच्या दुकानात मिळत नाहीत. रुग्णालयाच्या फार्मसीत बनवून देतात, फ्रिजमध्ये ठेवावे लागतात आणि लेबलवरच्या तारखेनंतर वापरायचे नसतात. बनवायला वेळ लागतो, म्हणून बाटली संपायच्या आठवडाभर आधी मागणी नोंदवा. जोडून सुट्ट्या आल्या तर आणखी आधी. मे महिन्यात आमची एका बाटलीसाठी एवढी धावपळ झाली, की त्यानंतर मी मागणीची तारीख भिंतीवर लिहून ठेवायला लागले. एकूण खर्चात सगळ्यात जड गेले ते हेच थेंब. तपासण्या एकदाच होतात. थेंब महिन्यामागून महिने लागतात, आणि त्याबरोबर प्रत्येक फेरीचं जाणं-येणं.

आता कागदांचं. ऑफिसला 'डोळ्याचा संसर्ग' असं लिहिलेलं सर्टिफिकेट चाललं नाही. कुणाचाही समज असाच होतो, की डोळे आले असतील, आठवड्यात बरे होतील. डॉक्टरांकडून निदानाचं पूर्ण नाव, उपचार अनेक महिने चालणार असल्याचा उल्लेख आणि पुढच्या तपासणीची तारीख असं लिहून घेतलं, तेव्हा रजा मंजूर झाली. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, तेही लिहून घ्या. मी परत कामावर गेले तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या लोकांना ते वाक्य दाखवावं लागलं. विम्यात भरतीचे दिवस विनातक्रार मिळाले. थेंबांच्या बिलांवर मात्र आक्षेप आला, कारण बनवून दिलेल्या औषधाला छापील वेष्टन नाही. फार्मसीचं शिक्क्याचं बिल, औषधातले घटक आणि हे तयार औषध का लागतं याचं डॉक्टरांचं पत्र जोडून दावा पुन्हा पाठवला. बराच उशीर झाला, पण मोठा भाग मंजूर झाला. ते पत्र पहिल्याच दिवशी मागून ठेवा.

एप्रिल सगळ्यात वाईट गेला. औषध चालू असूनही कॉर्नियावर कड्यासारखा पांढरट पट्टा दिसत होता. मार्चमध्ये तक्त्यावरचं फक्त सगळ्यात वरचं मोठं अक्षर वाचता आलं होतं, म्हणजे ६/६०, आणि एप्रिलअखेरही तेच. दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडून मी एकच विचार करायची, की दुसऱ्या डोळ्यालाही झालं तर? तो दर वेळी तपासत होते आणि तो स्वच्छ होता, तरी मन ऐकत नाही. एका डोळ्याने अंतर कळत नाही, हे त्या दिवसांत समजलं. तांब्यातून पेल्यात पाणी ओतायला गेले की धार पेल्याच्या बाहेर. मग पेल्याची कड तांब्याला टेकवून ओतायची सवय केली. जिना उतरताना कठड्याला हात हवाच.

मेमध्ये आधी ठणका कमी झाला. नजर तशीच होती, पण रात्रीची सलग झोप लागली आणि त्याने माणूस बदलतो. जूनमध्ये डोळा पुन्हा लालभडक झाला आणि मी घाबरून ठरल्या दिवसाआधीच गेले. तो आजार नव्हता, थेंबांमुळे कॉर्नियाचा वरचा थर दुखावला होता. थेंब कमी केले तशी लाली उतरली. हे दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं, त्यामुळे घरच्या घरी थेंब वाढवू नका आणि बंदही करू नका. पुढे सूज उरली होती म्हणून सौम्य स्टेरॉइड दिलं, तेव्हा मी आधीचा अनुभव आठवून घेणारच नाही म्हणाले. डॉक्टरांनी बसवून समजावलं, की आता वर अमीबाचं औषध चालू आहे आणि ते स्टेरॉइड थांबल्यावरही काही आठवडे चालूच राहणार. तेव्हा कुठे पटलं.

ऑगस्टपासून दिवसातून चार वेळा, मग तीन, मग दोन. नोव्हेंबरात बंद. बंद केल्यावर ठणका परत सुरू झाला किंवा उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी यायचं, असं केसपेपरवर लाल शाईने लिहून दिलं आहे.

उजव्या डोळ्यात फूल पडलं आहे. बाहुलीच्या जरा बाजूला आहे, म्हणून चष्म्याने ६/१२ दिसतं. रात्री समोरच्या गाडीचे दिवे पसरतात, त्यामुळे अंधारात गाडी चालवत नाही. कॉर्निया खडबडीत झाल्याने चष्म्याचा उपयोग एका मर्यादेपर्यंतच होतो. पुढे स्क्लेरल लेन्स लावून बघता येईल, नाहीच भागलं तर कॉर्निया बदलण्याची शस्त्रक्रिया, पण डोळा बराच काळ शांत राहिल्याशिवाय यातलं काहीच करायचं नाही. पुन्हा लेन्स, हे ऐकून ताई खुर्चीतून उठलीच होती. ती लेन्स मोठी आणि कडक असते, कॉर्नियाला न टेकता पांढऱ्या भागावर बसते आणि तिची स्वच्छता वेगळी शिकवतात, हे तिला समजावून झालं आहे. पुढची तपासणी मार्चमध्ये आहे. निर्णय तेव्हा होईल, आणि तोपर्यंत चष्मा.